सात नंबरची माती

प्रज्ञाच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात सुतळीनं बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा आहे, इयत्ता दुसरीपासून सातवीपर्यंतचा. कुणी पाहुणं आलं की तिची आई चांगुणाबाई गठ्ठ्यातली एखादी वही काढून पुढ्यात ठेवतात. त्यांना वाचता येत नाही, पण ओळ सरळ चाललीय की नाही हे त्यांना कळतं. "बगा, एक अक्षार वाकडं न्हाई," असं म्हणून त्या वही परत बांधून ठेवतात.

त्या वह्या कशा भरल्या ते सांगितल्याशिवाय प्रज्ञाची गोष्ट सांगता येणार नाही.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यापासून आत चार किलोमीटरवर त्यांचं गाव. दसरा झाला की वडील उत्तमराव, आई, थोरला भाऊ सचिन आणि प्रज्ञा टायरगाडीत संसार भरून नेवाशाकडे ऊसतोडीला निघायचे, ते पाडव्याच्या आसपास परत यायचे. शिंगणापूरच्या रस्त्याला एका पडीक तुकड्यावर त्यांच्या टोळीचा तळ पडे. पाचट आणि बांबूच्या पंधरा-वीस कोप्या, मागं बैल. शनीच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या तिथूनच जात. बिनदाराची घरं बघायला माणसं लांबून येत होती. कोप्यांनाही दारं नव्हती, पण त्या बघायला कुणी थांबत नसे.

सहा महिने शाळा बुडायची. गावात ठेवून यावं अशी आजी-आत्या घरात उरली नव्हती. तेव्हा शाळेतल्या आबासाहेब गुरुजींनी एक उपाय काढला. मनुष्य चांगला होता, दोन वर्ग एकटा सांभाळत होता. त्यांनी दुसरीतल्या प्रज्ञाच्या हातात पुस्तक आणि दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, "रोज दोन पानं उतरवून काढायची. काना-मात्रा सोडायची नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. आल्यावर मी वही बघीन. तोच तुझा अभ्यास."

प्रज्ञा कोपीच्या तोंडाशी बसून उतरवू लागली. आई-वडील पहाटे फडात जात, उन्हं वर आली तरी येत नसत. तिनं कविता उतरवल्या, धडे उतरवले, भूगोलाच्या नकाशाखालच्या बारीक ओळी उतरवल्या. गणितं उत्तरासकट उतरवली. पुस्तकात छपाईची चूक असली तर चूकसुद्धा उतरवली. पाडव्याला परत आल्यावर गुरुजी पान न् पान बघायचे आणि शेवटी लाल शाईनं 'उत्तम' लिहायचे. धड्यात काय आहे ते त्यांनी कधी विचारलं नाही. वही पूर्ण आहे म्हणजे पोरगी वरच्या वर्गात घालायला हरकत नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि त्या हिशेबावर प्रज्ञा सहा वर्षं वर चढत गेली.

आठवीला ती जामखेडच्या मुलींच्या वसतिगृहात राहिली, पण सवय तीच. अकरावीला विज्ञान घेतलं आणि सगळं एकाएकी इंग्रजीत आलं. वर्गातल्या मराठी शाळेतल्या पोरी रडकुंडीला आल्या. प्रज्ञा रडली नाही. तिनं गाईड घेतलं आणि प्रत्येक उत्तर पाच-पाच वेळा उतरवून काढलं. डोक्याला कळो न कळो, हाताला पाठ व्हायचं. परीक्षेत पेन टेकवलं की हात आपोआप चालायचा. बारावीला एकोणऐंशी टक्के पडले. बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्रात ती कॉलेजात दुसरी आली.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला उत्तमराव गेले. हंगामातच कावीळ झाली, अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. बैल आणि गाडी विकली गेली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला कुणी घेत नाही. चांगुणाबाईंनी सचिनबरोबर कोयता केला. माय-लेकाचा कोयता. त्यांचा डावा गुडघा तेव्हापासूनच धरायला लागला होता. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना त्या तीनदा थांबायच्या, आणि मागचा माणूस खोळंबला की म्हणायच्या, "घाई असंल तर वरून उडी मार की माज्या."

प्रज्ञा एम.एस्सी.ला नगरला आली. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, तोंडात मात्र नगरच. सावेडीत चौघींत एक खोली होती. पहिल्या दिवाळीला ती तळावर गेली तेव्हा चांगुणाबाई गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, "तुजा कागुद हातात आला का मी कोयता खाली ठिवते. त्या दिशीच."

कागद म्हणजे पदवी. नगरच्या एमआयडीसीत जिवाणू खतं करणाऱ्या एका कंपनीनं प्रज्ञाला तोंडी सांगितलंही होतं, जुलैत पदवी घेऊन ये, प्रयोगशाळेत जागा आहे. म्हणजे मे महिन्यात पास झालं की पुढच्या दसऱ्याला आई गावात राहणार होती. प्रज्ञा दोन वर्षं हेच एक गणित मनात धरून होती.

शेवटच्या वर्षाला प्रबंध करायचा होता. विषय तिनंच निवडला. ऊस तुटल्यावर शेतात पाचट उरतं. काही शेतकरी ते जाळतात, काही तसंच कुजू देतात. जाळलं तर मातीतल्या स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, विरघळवणाऱ्या जिवाणूंचं काय होतं, हे बघायचं. शेतं ओळखीची होती, शिंगणापूरच्या रस्त्याची. सहा जाळलेल्या, सहा न जाळलेल्या अशा बारा शेतांतली माती तिनं पिशव्यांत भरून आणली. हे जिवाणू काचेच्या ताटलीत वाढले की त्यांच्याभोवती स्वच्छ गोल कडं पडतं. प्रज्ञा तासन्‌तास कडी मोजायची. कामात ती चोख होती. तिच्या नोंदी बघून तिच्या मार्गदर्शक माधुरी मॅडम म्हणाल्या होत्या, असे आकडे मी पीएच.डी.वाल्यांचे पाहिले नाहीत.

मार्चअखेरीस प्रबंध कॉलेजच्या मशिनीतून गेला. कुठून किती शब्द उचलले ते ही मशीन सांगते. प्रज्ञाचा आकडा आला एकाहत्तर टक्के.

तिला आधी वाटलं मार्क आहेत.

विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी पानं उलटून दाखवली, सगळी लाल झालेली. आवाज न चढवता ते एवढंच म्हणाले, "याला चोरी म्हणतात. एकवीस दिवसांत पुन्हा लिहून द्या, नाही तर वर्ष गेलं." प्रज्ञानं काहीही लपवलं नव्हतं. उलट एकेक उतारा ब्राझीलच्या, फिलिपिन्सच्या मोठ्या लोकांच्या लेखातून निवडून, एक स्वल्पविराम न हलवता, स्वच्छ उतरवला होता. तिच्या लेखी तोच मान होता.

आणि तो 'चोरी' शब्द. ती नऊ वर्षांची असताना तळाजवळच्या गावात एका विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली होती. गावात काही गेलं की आधी तळाची झडती व्हायची. माणसं आली, कोप्या उलट्या केल्या. एकानं प्रज्ञाची वही झटकून बघितली, वहीत केबल मावते की काय कोण जाणे, आणि चुलीच्या राखेत टाकून दिली. तिनं नंतर ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं होतं. केबिनमधून बाहेर आली तेव्हा तिला ती राख आठवली.

बाहेर योगेश उभा होता, तिच्याच वर्गातला, पाथर्डीचा. तो तिला पहिल्यापासून म्हणायचा, तू म्हणजे झेरॉक्सचं मशीन हायेस, फक्त लाईट लागत नाही. त्याचा आकडा बारा आला होता. त्यानं सरळ सांगितलं, मोबाईलमध्ये एक ॲप आहे, आपला उतारा टाकला की शब्द बदलून देतं, दोन मिनिटांचं काम, आण तुझी फाईल. प्रज्ञानं त्याच्या मोबाईलवर बघितलं. ॲपनं दिलेल्या वाक्यांतले निम्मे शब्द तिला माहीत नव्हते. "हे माझं कसं होईल?" तिनं विचारलं. योगेश म्हणाला, "आधीचं तरी तुझं कुठं हुतं?" तो हसला, पण टाकून बोलला नव्हता. ते खरं होतं. तिनं मोबाईल त्याला परत केला.

माधुरी मॅडम तासिकेवर होत्या. मार्च संपला की त्यांची नेमणूक संपायची आणि जुलैत पुन्हा अर्ज करायचा. म्हणजे त्या एकवीस दिवसांत त्या कॉलेजच्या कुणीच नव्हत्या. तरी त्या रोज दुपारी स्कूटरवर सावेडीतून यायच्या आणि वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर प्रज्ञाला घेऊन बसायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी एका लेखातला अर्ध्या पानाचा उतारा वाचायला दिला. वाचून झाल्यावर पान पालथं घातलं आणि विचारलं, काय म्हणतोय हा माणूस? प्रज्ञानं उतारा म्हणायला सुरुवात केली. चार ओळी बिनचूक म्हटल्या. मॅडमनी हात वर केला.

"हे त्याचं झालं. तू सांग."

"मी काय सांगणार मॅडम? शोध त्याचाच आहे."

"मराठीत सांग. आईला सांगतेयस असं सांग."

प्रज्ञा म्हणाली, "पाचट पेटवलं की वरची चार बोटं माती भाजून निघते. त्यातलं जित्राब मरतं. खालचं राहतं."

मॅडमनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. आता हेच इंग्रजीत, येतील तेवढ्या शब्दांत, चुकलं तर चुकलं. त्या एका वाक्याला पस्तीस मिनिटं लागली. शाळेची बारा आणि कॉलेजची पाच वर्षं इंग्रजी वाचून-लिहून झाल्यावर प्रज्ञाच्या लक्षात आलं, की आपण या भाषेत आजवर स्वतःचं एकही वाक्य केलेलं नाही. दुकानात मीठ मागण्याइतकंसुद्धा नाही.

मॅडमनी रोज थोडं थोडं शिकवलं. वाचताना समासात दोन शब्दांची मराठी खूण करायची. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि खुणांवरून बोलायचं. मग लिहायचं, आणि लिहिल्यावर ज्याचा विचार त्याचं नाव शेजारी टाकायचं, म्हणजे त्याचाही मान राहतो आणि आपलंही काम दिसतं. हे शेवटचं प्रज्ञाला पटकन पटलं. बाकी सगळं मात्र अंगातून काटा काढावा तसं चाललं होतं. पुस्तक मिटायला सांगितलं की तिचा हात आपोआप पुस्तकात बोट घालून ठेवायचा.

आठव्या-नवव्या दिवशी त्या सात नंबरवर आल्या. बारा नमुन्यांत सात नंबरच्या मातीत कड्यांची संख्या बाकीच्यांच्या तिप्पट होती. मूळ प्रबंधात प्रज्ञानं याचं कारण ब्राझीलच्या एका लेखातून उतरवलं होतं. मॅडमनी विचारलं, "खरं कारण काय असेल? तुला काय वाटतं?"

प्रज्ञाला वाटायचा प्रश्नच नव्हता, तिला माहीत होतं. आकडा आला त्याच दिवशी ती ओळखून चुकली होती.

"तिथं आमचा तळ असायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "आता मालकानं ऊस केलाय. आधी पडीक होतं. बारा वर्षं आमची कोपी तिथंच पडायची. शेण, राख, खरकटं पाणी, सगळं त्याच मातीत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, हे ब्राझीलच्या माणसाला सात जन्मात कळलं नसतं. हे लिही.

"नको मॅडम."

"का?"

"लोक वाचतील."

मॅडमनी दोन-तीनदा सांगून बघितलं. प्रज्ञानं मान खाली घातली ती वर केली नाही. शेवटी सात नंबरबद्दल तिनं एवढंच लिहिलं, की या जागी सेंद्रिय द्रव्य जास्त असावं. पुढे ब्राझीलच्या माणसाचं नाव टाकलं.

बाकी सगळं तिनं खरोखर स्वतः लिहिलं. अकरा वेळा लिहिलं. मॅडम चुका दाखवायच्या, ती पुन्हा लिहायची. अकरा खर्ड्यांची एक जाड वही झाली. एकविसाव्या दिवशी मशिनीनं आकडा दिला नऊ टक्के. मॅडमनी तिला कँटीनमध्ये चहा पाजला. प्रज्ञानं घरी फोन करून सांगितलं, आई, झालं. चांगुणाबाईंनी विचारलं, मग कागुद? ती म्हणाली, आता फक्त तोंडी परीक्षा राहिली.

तोंडी परीक्षेला पंधरा दिवस होते. मॅडमना वाटलं, आता हिला काय सांगायचं, हिनंच तर लिहिलंय. आणि प्रज्ञानं त्या पंधरा दिवसांत तेच केलं जे ती दुसरीपासून करत आली होती. स्वतःचा प्रबंध समोर ठेवला, कोरी वही घेतली आणि उतरवायला बसली. पाच वेळा उतरवला. काना-मात्रा सोडली नाही, पदरचं काही घातलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला सगळी शहाऐंशी पानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ होती.

बाहेरचे परीक्षक मोठ्या शहरातले होते. पिशव्या खोलीबाहेर ठेवायचा नियम होता, तिची अकरा खर्ड्यांची वही बाकावर राहिली. आत विभागप्रमुख, परीक्षक आणि एका बाजूला माधुरी मॅडम. परीक्षकांनी पानं चाळली. आकडे बघून त्यांची भुवई वर गेली, खूष होऊन. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, सात नंबरच्या नमुन्यात एवढी वाढ कशामुळे?

प्रज्ञाला प्रश्न कळला. उत्तर जिभेवर आलंही, मराठीत, तळासकट. तिनं ते गिळलं आणि जे पाठ होतं त्याच्याकडे वळली. पण सात नंबरचं वाक्य चौथ्या प्रकरणाच्या मधोमध होतं आणि मधून तिला धरता येईना. तिनं प्रकरणाच्या पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.

परीक्षकांनी अर्धा मिनिट ऐकलं. मग थांबवून सांगितलं, एवढं नको, फक्त सात नंबरचं सांगा. प्रज्ञानं मान हलवली आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून, जरा जोरात, म्हणायला लागली. लवकर तिथं पोचावं म्हणून ती घाई करत होती. तिसऱ्यांदा त्यांनी थांबवलं तेव्हा प्रबंध मिटला होता. आता ते मराठीत बोलले.

"हे कोणी लिहून दिलं?"

"मी लिहिलं सर."

"लिहिणाऱ्याला एक ओळ मधून सांगता येत नाही?"

माधुरी मॅडम बोलायला गेल्या. वही बाहेर आहे, सगळे खर्डे आहेत, मी स्वतः बसून... परीक्षकांनी त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, गाईडनं मध्ये बोलायचं नसतं मॅडम, तुम्हाला माहीत असेल. विभागप्रमुख खिडकीकडे बघत होते. पहिल्यांदा जे दुसऱ्यांचं होतं ते तिनं उघडपणे लिहिलं तर चोरी ठरलं होतं. आता जे तिचं होतं ते तिचं आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

पास व्हायला चाळीस लागतात. तिला एकतीस पडले. पुढची संधी डिसेंबरात.

मॅडम तिला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. स्कूटर सुरू न करता नुसत्या धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी तुला लिहायला शिकवलं. बोलायचं राहून गेलं. मला सुचलंच नाही." प्रज्ञा म्हणाली, तुमची काय चूक मॅडम.

घरी चांगुणाबाईंनी विचारलं किती कमी पडले. नऊ, ती म्हणाली. "नवासाटी वर्स?" एवढंच म्हणून त्या भाकरी थापत राहिल्या. जुलैत कंपनीनं जागा भरली. योगेशला घेतलं. त्यानं फोन करून सांगितलं, मी नाही म्हणणार होतो गं, पण घरचे ऐकंनात. प्रज्ञानं त्याचं अभिनंदन केलं. तो वाईट नव्हता, आणि त्याच्या घरीही कुणाचा तरी गुडघा दुखत असणारच.

दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक आला. चांगुणाबाई चढल्या. गुडघा आता असा होता, की बसलं तर उठवत नसे आणि उठलं तर बसवत नसे. सचिन एकटा किती ओढणार, म्हणून प्रज्ञाही चढली. डिसेंबरपर्यंत तिला दुसरं काम नव्हतं. आई बसून सोलायची आणि बांधायची, ती दोघं तोडायची, वाहायची. टोळीतल्या बाया म्हणायच्या, "आमच्या टोळीत यंदा यम्मेस्सी हाय, मोळी विंग्रजीत बांधती." प्रज्ञा हसायची. हाताला पहिल्या आठवड्यात फोड आले, दुसऱ्यात ते फुटले, तिसऱ्यात कातडी टणक झाली. पेन धरल्यावर बोटं नीट मिटेनात.

नोव्हेंबरात टोळी शिंगणापूरच्या रस्त्याला आली आणि एक दिवस फड निघाला तो नेमका जुन्या तळाच्या तुकड्याला लागून. दुपारी मायलेकी बांधावर भाकरी खायला बसल्या तेव्हा प्रज्ञा त्या उसाकडे बघत होती. चांगुणाबाईंनी विचारलं, काय बगतीस. आणि कधी नव्हे ते तिनं आईला सगळं सांगितलं. बारा पिशव्या, काचेच्या ताटल्या, जिवाणूंभोवतीची कडी, सात नंबर तिप्पट, आणि त्या माणसानं विचारलेला प्रश्न. सांगताना ती कुठं अडकली नाही. मधूनच सुरू केलं होतं.

"आन् तू काय सांगनार हुतीस?"

"हेच, की इथं आपली राख पडायची, खरकटं पडायचं."

चांगुणाबाईंनी मान हलवली. "राख कुटली? राख भांड्याला जायची. खरकटं तर त्या अंगाला, नळीकडं. तू माती कुटून घेतलीस?"

प्रज्ञानं बोट दाखवलं. बांधापासून दहा-बारा पावलांवर, एकटी बाभळ होती तिथून.

"तितं तुज्या बापाचा खड्डा हुता," चांगुणाबाई म्हणाल्या. "बैलांचं शेन, मूत, उरल्यालं उसाचं वाढं, समदं त्यात टाकायचा. म्या म्हनायची, दुसऱ्याच्या रानात कशाला खड्डा खंदता, आपल्याला काय त्याचं? तर म्हनायचा, सा म्हैनं ऱ्हातो, रान ऱ्हान्यासारकं ठिवावं. मालकानं पुडं तेच वरबाडून रानात पसरलं आसंल."

प्रज्ञाला खड्डा आठवला. वडील संध्याकाळी फावड्यानं तिथं काहीतरी ओढत असायचे. ती कोपीच्या तोंडाशी भूगोल उतरवत बसलेली असायची आणि कधी मान वर करून त्यांनी काय चालवलंय ते तिनं बघितलं नव्हतं.

तिनं पिशवीतून वही काढली. पुस्तक जवळ नव्हतंच. टणक झालेल्या बोटांनी तिनं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, वडिलांच्या नावासकट. दोन ठिकाणी व्याकरण चुकलं असावं. सचिननं हाक मारली, ट्रॉली आली होती. तिनं वही भाकरीच्या फडक्यात गुंडाळून ठेवली.

त्यानंतर ती रोज मोळ्या वाहताना उत्तर म्हणत राहिली. पाठ करायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, म्हणून दर खेपेला निराळ्या शब्दांत म्हणायची. कधी खड्ड्यापासून सुरू करायची, कधी बैलांपासून, कधी मधल्याच आकड्यापासून. मॅडमना तिनं फोन केला, तर त्या दर रविवारी दुपारी वीस मिनिटं प्रश्न विचारू लागल्या, उलटसुलट, कुठूनही.

नऊ डिसेंबरला ती पहिल्या एसटीनं नगरला गेली. परीक्षक दुसरेच होते. त्यांना दुपारची गाडी पकडायची होती. त्यांनी प्रबंधाचं नाव विचारलं, नमुने किती घेतले ते विचारलं, जिवाणू वाढवायला काय वापरलं ते विचारलं. प्रज्ञानं न अडखळता आपल्या शब्दांत सांगितलं. ते ठीक आहे म्हणाले आणि सही केली. सात मिनिटं लागली. सात नंबरचं कुणी काढलंच नाही. ती उठून उभी राहिली, क्षणभर थांबली, मला आणखी एक सांगायचंय असं म्हणावं असं तिच्या मनात आलं, पण परीक्षक पिशवीची चेन ओढत होते. ती बाहेर आली.

पास. मॅडमनी पाठीवर हात ठेवला. प्रमाणपत्र यायला अजून दोन-तीन महिने लागणार होते आणि कंपनीत जागा नव्हती. शिवाय हंगाम अर्ध्यात सोडता येत नाही, मुकादमाशी बोली कारखाना बंद होईपर्यंतची असते. म्हणजे आईचा कोयता मार्चअखेरपर्यंत हातात राहणारच होता. प्रज्ञा दुपारच्या एसटीनं परत निघाली आणि उन्हं उतरायच्या आत तळावर पोचली.

चांगुणाबाई कोपीसमोर पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघ्यावर विटेचा शेक होता. त्यांनी आधी तोंडाकडे बघितलं.

"झाले पास," प्रज्ञा म्हणाली.

त्यांनी हात जोडून कोपीतल्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघितलं. मग पदरानं डोळे टिपले आणि जरा वेळानं विचारलं, "खड्ड्याचं इचारलं का गं?"

प्रज्ञा खाली बसली. वीट गार होत आली होती, ती तिनं उचलून चुलीत सरकवली.

"विचारलं," ती म्हणाली.

"मंग? काय म्हनलं सायेब?"

"म्हणाले, बरोबर आहे."

चांगुणाबाईंनी मान हलवली. बाभळीच्या दिशेला एकदा बघितलं. नंतर त्यांनी हात पुढे केला, प्रज्ञानं तो धरून त्यांना उठवलं, आणि दोघी सकाळसाठी कोयत्यांना धार लावायला कोपीमागं गेल्या.